तांदळाच्या डब्यातला फोन

शाळेत माझ्याकडे ग्रंथालय आहे. शिवाय ज्या कामाला कुणी वाली नसतो ते प्रत्येक काम आहे. हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांची पेटी माझ्याकडे, वक्त्यांना द्यायची फुलं आणणं माझ्याकडे, स्वच्छतागृहाच्या दारावर लिहिलेल्या मजकुराचं शुद्धलेखन तपासणं तेवढं अजून राहिलं आहे. यंदा मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि दार लावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या दार लावतात तेव्हा एक तर कुणाची तरी बदली असते किंवा मला काम.

"मुलं हल्ली एकमेकांना नको ते फोटो पाठवतात," त्या म्हणाल्या. "त्यावर तुम्ही बोला. मुलं आणि पालक एकत्र बसवू."

"मी कशी काय?"

"तुम्ही वाचता."

गेल्या वर्षी बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. ते पाऊण तासात 'धोका' हा शब्द किती वेळा उच्चारतात यावर नववीच्या मुलांनी पेन्सिलींची पैज लावली होती. एकाला अकरा पेन्सिली मिळाल्या. कार्यक्रमाचा दिसण्याजोगा फायदा तेवढाच.

मोठ्या बाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. हा विषय आठवड्यापूर्वीच माझ्या टेबलावर येऊन गेला होता. आला होता तो माझ्या भाचीच्या, खारूच्या पावलांनी.

खारू हे तिचं लाडाचं नाव. लहानपणी ती खारीसारखी वस्तू लपवायची. उशीच्या अभ्र्यात पेन्सिलींचे तुकडे, बुटात चॉकलेटं, एकदा तर माझा चष्मा. आता ती दहावीत आहे. शाळेत तिने मला 'मॅडम' म्हणायचं असं आमचं ठरलेलं, कारण नात्यातल्या मुलांना दंड माफ होतो असा एक गैरसमज शाळेत पसरला होता. पण विश्वकोशाच्या कपाटामागे कुणीच फिरकत नाही. तिथे मी मावशी.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती थेट कपाटामागे गेली. मी गेले तर जमिनीवर बसलेली, गुडघे पोटाशी.

"मावशी, रागावणार नाहीस ना?"

"आधी सांग, मग ठरवते."

"मग राहू दे."

"बरं बाई, नाही रागावणार. बोल."

तिने सांगितलं. शेजारच्या तुकडीत एक मुलगा आहे, त्याला सगळे गिटार म्हणतात. त्याला तीन सूर येतात, आणि तेवढ्यावर त्याने दोन स्नेहसंमेलनं गाजवली आहेत. तो महिनाभर हात धुऊन खारूच्या मागे लागला होता की एक फोटो पाठव. नाही म्हटलं की विचारायचा, "माझ्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न ज्याने कुणी पहिल्यांदा शोधून काढला त्याला कुलपं उघडण्याचं आणखी दुसरं हत्यार लागलं नसेल. खारूने पाठवला. कसला फोटो ते मी सांगणार नाही. माझ्या तोंडून आधीच पुष्कळ गेलं आहे.

गिटारने तो त्याच्या एका मित्राला दाखवला. मित्राने खारूला डोळा मारणारं एक तोंड पाठवलं. मग दुसरं. मग तिच्या फोनची टिंग दिवसभर वाजायला लागली. तिने काय करावं? फोन बंद करायचं सुचलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने तो तांदळाच्या डब्यात खोल पुरला आणि झाकण लावलं.

"दोन दिवस तिथेच होता," ती म्हणाली. "मग आईने तांदूळ काढताना हात घातला."

"आणि?"

"म्हटलं, पाण्यात पडला होता."

हे मला माहीत होतं. ताईने, म्हणजे खारूच्या आईने, मला मोठ्या कौतुकाने फोन करून सांगितलं होतं, "अगं, कार्टीचं डोकं बघ! फोन भिजला तर तांदळात ठेवून मोकळी. मला नसतं सुचलं." त्या कौतुकाची खरी बाजू आत्ता माझ्यासमोर गुडघे आवळून बसली होती. मला हसू आलं. मग रडता रडता तीही हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसत असावी, कारण हसताना तिला ठसका लागला.

ती आईकडे न जाता माझ्याकडे का आली, याचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजारणीचा रक्तदाब तिला कळला की संध्याकाळपर्यंत तो शेजारणीच्या माहेरी पोचलेला असतो. मी मात्र विहीर. माझ्यात टाकलेलं वर येत नाही. हे मी नाही, ताईच सगळ्यांना सांगते.

त्या वेळी मी नीट वागले हे नोंदवून ठेवते, कारण पुढे नोंदवण्यासारखं फारसं नाही. "का पाठवलास?" हे मी विचारलं नाही. मित्राचे निरोप जपून ठेवायला लावले. गिटारला आणि त्या मित्राला ग्रंथालयात बोलावलं, आणि दुसऱ्याचा असा फोटो कुणाला दाखवणं हासुद्धा गुन्हा आहे, हे आवाज न चढवता सांगितलं. दोघांचे चेहरे ओल्या खडूसारखे झाले. गिटारने फोटो माझ्या देखत फोनमधून काढून टाकला. "मॅडम, काढलेलं जिथे साठतं तिथूनही काढावा लागतो," हे मला गिटारनेच घाम पुसत शिकवलं.

"आता आईला सांगायला हवं," मी खारूला म्हटलं.

"सांगेन. परीक्षा संपली की. पण मी सांगेन हं. तू नाही."

"मी नाही."

"परत म्हण."

"मी नाही गं बाई."

कसं सांगायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. आई भांडी घासत असताना, तिची पाठ असताना. म्हणजे दोघींना एकमेकींचं तोंड बघावं लागणार नाही, आणि नळ चालू असेल. परीक्षा संपायला चोवीस दिवस होते. तिने कंपासपेटीच्या झाकणात आतून चोवीस रेघा मारून ठेवल्या होत्या.

आणि चौदाव्या रेघेला माझं भाषण आलं.

मी तयारीला लागले. आकडे जमवले, कायदा वाचला, तज्ज्ञांचं सगळं पुन्हा चाळलं. लिहिलेलं स्वतःलाच वाचून दाखवलं तर दुसऱ्या पानावर मलाच जांभई आली. त्याला जीव नव्हता. मुलांना गोष्ट हवी असते. आणि जगात इतक्या गोष्टी असताना माझ्याकडे नेमकी एक होती.

मी ती घेतली. पण जबाबदारीने. मुलगी दुसऱ्या गावची केली, वय दोन वर्षांनी वाढवलं, तिला दोन भाऊ दिले. गिटारला पोहायला लावलं. विश्वासू मोठं माणूस म्हणून मावशीच्या जागी क्रीडाशिक्षिका आणली, आणि तिच्या तोंडी दोन वाक्यं जरा बरी घातली. सगळं इतकं बदललं की गोष्ट पुन्हा मेली. तिच्यात जिवंत एकच जागा उरली होती: तांदळाचा डबा. तो मी खोडला. मग वाचलं. मग पुन्हा लिहिला. ताई काही येणार नाही, हा हिशेब होताच. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, तिला रजा मिळत नाही. दहा वर्षांत ती एकाही पालकसभेला आली नव्हती. तिच्या वतीने मीच बसायचे आणि मीच मान डोलवायचे.

भाषणाच्या आदल्या दिवशी खारू पुस्तक बदलायला आली.

"उद्या माझं काही येणार नाही ना त्यात?"

"वेडी आहेस का?" मी म्हटलं.

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर दिलं की खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. ती समाधानाने गेली.

सभागृहात दोनशे चाळीस खुर्च्या भरल्या होत्या. मोठ्या बाईंनी कानात सांगितलं, "मोकळेपणाने बोला. रेकॉर्डिंग वगैरे काही ठेवलेलं नाही." मी सुरुवात केली. आकड्यांपर्यंत पालक फोन बघत होते, कायद्यापर्यंत मुलं. मग मी म्हटलं, "एका गावात एक मुलगी होती," आणि दोनशे चाळीस माना वर आल्या. ग्रंथपालाला हे सुख मिळत नाही. आमच्याकडे कुणी मान वर केली तर ती घड्याळाकडे बघायला.

खारू पाचव्या रांगेत खिडकीशी होती. गोष्ट सुरू झाली तशी तिने मान खाली घातली. मला वाटलं, ऐकते आहे.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि ताई आत आली. अंगात दुकानाचा पांढरा कोट तसाच. धापा टाकत होती. मला बघून तिने हात हलवला, शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काय म्हणत होती ते ओठांवरून कळलं: "माझी धाकटी बहीण." माझं भाषण ऐकायला तिने अर्धी रजा काढली होती.

तांदळाच्या डब्याला अजून तीन वाक्यं होती. तीन वाक्यांत माणूस बरंच काही करू शकतो. खोकू शकतो. पाणी मागू शकतो. डब्याचं कपाट करू शकतो. पण सभागृह पुढे झुकलं होतं, आणि माझी जीभ गोष्टीच्या उताराला लागली होती.

"आणि मग त्या मुलीने काय केलं माहिती आहे?" मी थांबले. थांबायचं कुठे हे मी घरी ठरवलं होतं. "फोन उचलला आणि चक्क तांदळाच्या डब्यात पुरून टाकला!"

सभागृह फुटलं. ताईही हसली. ती नेहमी सगळ्यांच्या आधी हसते. मग तिचं हसू थांबलं. बाकीचे हसतच होते, आणि ती हळूहळू मान वळवून रांगा शोधायला लागली. पाचव्या रांगेत खिडकीशी तिला हवं ते डोकं सापडलं. खारू आईकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, नवीन माणसाकडे बघतात तशी.

मी भाषण पूर्ण केलं. शेवटचं वाक्य पाठ होतं म्हणून आलं. "काहीही झालं, कितीही लाज वाटली, तरी तुमच्या विश्वासातल्या एका तरी मोठ्या माणसाला सांगा." टाळ्या झाल्या. मग निनावी प्रश्नांची पेटी रांगांतून फिरली. उत्तरं सूचनाफलकावर लागतील, असं मोठ्या बाईंनी जाहीर केलं.

संध्याकाळी मी ताईकडे गेले. ती भांडी घासत होती. माझ्याकडे पाठ. नळ चालू.

"ताई, मी नाव नव्हतं घेतलं."

तिने एक पातेलं दोनदा घासलं. "जगाचं सगळं मला आधी कळतं," ती म्हणाली. "आणि माझ्या पोरीचं मला माईकवरून कळलं. तेही लोक हसत असताना. मीसुद्धा हसले गं. मी पहिली हसले."

"ती तुला सांगणारच होती. परीक्षा संपली की."

"आता काय सांगणार?" ताई म्हणाली. "सगळं तर तूच सांगितलंस. छान सांगितलंस. शेजारची बाई म्हणत होती, तुमच्या बहिणीकडे कला आहे."

खारूच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती टेबलाशी बसून खोडरबराने कंपासपेटीच्या झाकणातल्या रेघा पुसत होती.

"खारू, मी सगळं बदललं होतं. गाव, वय, सगळं. नाव कुठेच नव्हतं."

"त्यानेही नाव नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "मित्राला म्हणाला होता, ओळख बघू कोण ते."

"हे वेगळं आहे गं. मी मुलांच्या भल्यासाठी..."

"हो. तो एकालाच दाखवून थांबला." ती रेघा पुसत राहिली. "आणि त्याने महिनाभर मागितला तरी होता. तू विचारलंही नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर माझंच भाषण आलं. पालकांच्या गटावर मोठ्या बाईंनी टाकलं होतं, नेमका तांदळाच्या डब्याचा तुकडा, वर तीन टाळ्यांची चित्रं. मी त्यांच्या खोलीत गेले. या वेळी दार मी लावलं.

"रेकॉर्डिंग नाही म्हणाला होतात."

"मी ठेवलं नव्हतंच. संगणकाचे सर आपणहून करत होते, मला मागाहून कळलं."

"मग गटावर कुणी टाकलं?"

"अहो, चांगली गोष्ट पुढे पाठवावी." त्या हसल्या. "तुमचं इतकं कौतुक होतंय. तीन शाळांनी बोलावलंय तुम्हाला. कोण आहे हो ती मुलगी? खरी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. निदान एक खोटं तरी मी योग्य जागी बोलले.

संगणकाच्या सरांकडे गेले. ते भले गृहस्थ. लगेच त्यांच्याकडचं काढलं, जिथे साठतं तिथूनही काढलं. "पण मॅडम, अकरा गटांवर गेलंय. आता ते कुठून कुठून काढणार? तुम्हीच म्हणालात ना काल, एकदा हातातून गेलं की आपलं राहत नाही. फार छान मुद्दा होता तो." ते मनापासून म्हणाले. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला होता.

मधल्या सुट्टीत मी विश्वकोशाच्या कपाटामागे जाऊन बसले. तिथली जमीन थंड असते हे मला माहीत नव्हतं. तासाभराने बाहेर येऊन निनावी प्रश्नांची पेटी उघडली. एकेचाळीस चिठ्ठ्या. निनावी म्हणजे मुलांच्या मते निनावी. पुस्तक नेताना प्रत्येक मूल माझ्यासमोर चिठ्ठी भरतं. या शाळेतलं प्रत्येक अक्षर मी ओळखते. 'ळ'ला शेपटी काढणारा कोण आणि हिरव्या शाईवाली कोण, मला सगळं ठाऊक. प्रश्न विचारायची पेटी माझ्या हाती द्यावी असं कुणाला का वाटलं, हेही कुणी विचारलं नव्हतं.

बरेच प्रश्न साधे होते. फोटो काढून टाकला की खरंच जातो का? पाठवणाऱ्यालाही शिक्षा होते का? तांदळात ठेवून फोन वाळतो का? एका चिठ्ठीवर उभं, बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं. ते अक्षर पाटीवर पहिल्यांदा मीच गिरवून घेतलं होतं.

'विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, असं तुम्ही म्हणालात. सांगून झालं असेल तर पुढे काय करायचं?'

ती पेटी माझ्या भाषणानंतर पाच मिनिटांत फिरली होती. म्हणजे हे तिने तिथेच लिहिलं, दोनशे चाळीस माणसं खुर्च्या सरकवत असताना.

चाळीस उत्तरं मी संध्याकाळपर्यंत लिहिली. एकेचाळिसावं तीन दिवस लिहीत होते. सरळ कबुली द्यावी असं फार वाटलं: चूक माझी, मी सांगायला नको होतं. पण तसं लिहिलं तर मोठ्या बाईंना मुलगी खरी असल्याचं कळणार, आणि मग शाळा शोधायला लागणार. माफी मागायलासुद्धा मला तिचंच गुपित वापरावं लागणार होतं. शेवटी, तिचं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून, प्रश्न माझ्या हाताने उतरवला आणि खाली लिहिलं: 'दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. चूक सांगण्यात नव्हती, ऐकणाऱ्या माणसात होती. त्या माणसाला पुन्हा काही सांगू नये.' खाली सही केली नाही. फलकावर लावलं.

"हे जरा कडक झालंय," मोठ्या बाई वाचून म्हणाल्या. "असं कोण वागेल?"

परवापर्यंत त्या उत्तराखाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं: 'त्यापेक्षा कुणालाच सांगू नका.' आठवीतल्या एका मुलाचं अक्षर. गप्प मुलगा, नकाशांची पुस्तकं नेतो. त्याच्या खाली चार बरोबरच्या खुणा होत्या, चार वेगवेगळ्या हातांच्या. दोनशे चाळीस जणांना मी काय शिकवलं त्याचा तो निकाल होता. त्यातल्या कुणाला कधी काही झालं तर ते माझ्या काय, कुणाच्याच कपाटामागे येणार नव्हतं.

मी ते खोडायला गेले नाही. मी खोडलं असतं तर ते आणखी खरं झालं असतं.

आज सकाळी खारू पुस्तक परत करायला आली. ग्रंथालयात दुसरं कुणी नव्हतं. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. "मॅडम, हे परत." मी घेतलं. ती कपाटाकडे गेली नाही. दारातून फलकाकडे वळली, आणि पुढचं मला दिसलं नाही, कारण मध्ये भिंत आहे.

दुपारी फलकाशी गेले. माझं उत्तर होतं तसंच होतं. खालची पेन्सिलची ओळ आणि चारही खुणा गेल्या होत्या. कागदावर तेवढी जागा करडी झाली होती, जोर लावून घासल्यासारखी.

या शाळेतलं प्रत्येक अक्षर मी ओळखते. पुसणाऱ्याचा हात मला ओळखता येत नाही. कोण ते मी कुणाला विचारलं नाही, विचारणारही नाही.